वही द्या, पण लेकराची ओळख चव्हाट्यावर आणू नका

जूनअखेर शाळा उघडल्या की लाखांदूर तालुक्यातल्या गावागावांत आपले तरुण वह्या वाटतात, अभ्यासवर्ग घेतात, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतात. काम मोलाचेच आहे. पण त्यात आमच्याकडून एक चूक झाली, ती आधी सांगतो. वही घेताना एका मुलीचा फोटो आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली नाव, वर्ग आणि 'वडील नाहीत, परिस्थिती हलाखीची' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांनी तिला तेच ऐकवले. आठवडाभर ती अभ्यासवर्गाला फिरकली नाही.

जात आणि गरिबी ही आपल्या लेकरांसाठी नुसती माहिती नसते. बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, ते जातीमुळेच. आजही हा प्रश्न संपलेला नाही. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईने सूचना काढल्या, की विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेश परीक्षेतील क्रमांक विचारू नये, कारण त्यातून जात शोधली जाते.

कायदा काय सांगतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. संविधानाचा हा अधिकार लहान मुलांनाही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. अत्याचारपीडित मुलाची ओळख उघड करणे तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आपण काय करायचे?

१. फोटो वहीचा, फळ्याचा किंवा पाठमोऱ्या मुलांचा घ्या. चेहरा दिसणार असेल तर आधी आईवडिलांना विचारा, मुलालाही विचारा. वही हातात देताना विचारू नका. तेव्हा कोणी नाही म्हणत नाही.

२. आधार, जातीचा दाखला, बँक पासबुक यांचे फोटो ग्रुपवर मागवू नका. अर्ज भरून झाला की मोबाईलमधले फोटो पुसून टाका.

३. गुण, नापासी, आजार, घरातले भांडण यांची चर्चा पारावर नको. नाव गाळले तरी भागत नाही. लहान गावात 'सातवीतली, आई रोवणीला जाते ती' एवढ्यावर सगळे ओळखतात.

४. मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोलले, तर 'कुणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नका. पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ वर मदत मिळते. कळवायचे ते फक्त तिथेच, गावभर नाही.

ती मुलगी पुन्हा यावी म्हणून आम्ही तिच्या घरी गेलो, आईची माफी मागितली. आई म्हणाली, "भाऊ, वही नसती दिली तरी चाललं असतं." तेव्हापासून आम्ही वाटपाचा फोटो टाकत नाही. किती वह्या दिल्या, एवढा आकडा लिहितो. तेवढा हिशेब समाजाला पुरतो.

जयभीम.