मांजराचें पान आणि परंड्याचा उन्हाळा

ब्राह्मणाच्या घरीं मांजर असणें ही गोष्ट जितकी जुनी, तितकाच त्यास काय वाढावें हा प्रश्नहि जुना. दूधभात कालवून वाटींत घालावा आणि बाकीची सोय त्यानें माजघरांतल्या उंदरांवर करून घ्यावी, अशी वहिवाट असे. ही वहिवाट वाटते तितकी खुळी नव्हती. कारण मांजर जगत असे तें भातावर नव्हे, उंदरांवर. आतां कणग्या गेल्या, झांकणाचे डबे आले, घरांतले उंदीर कमी झाले, आणि मांजराच्या वाटींत दुकानांतले कोरडे दाणे पडूं लागले.

हे दाणे सोयीचे खरे. सांडलवंड नाहीं, वास बेताचा, आणि त्यांतलें मांस डोळ्यांना दिसत नाहीं, ही सोंवळ्या घराला सर्वांत मोठी सोय! परंतु त्यांत पाण्याचा अंश शेंकडा १० च्या आसपासच असतो. उंदराच्या शरीरांत तो शेंकडा ७० च्या सुमारास, तर पाकिटांतल्या ओल्या खाद्यांत ७५ ते ८० पर्यंत असतो. मांजराचा मूळ पूर्वज हा आफ्रिका व पश्चिम आशियांतल्या रुक्ष प्रदेशांतला रानबोका. त्यास पाणी मिळे तें बहुतांशीं शिकारींतूनच. म्हणून या जातीची तहान मंद असते. दाणे खाणारें मांजर वरून पाणी पितें, पण ती तूट पुरी भरून काढीत नाहीं.

परंड्यासारख्या अवर्षणाच्या गांवीं, वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर चढतो तेव्हां, या मंद तहानेची किंमत द्यावी लागते. भुईकोटाच्या खंदकाकांठीं हिंडणारें मांजर उंदीर-सरडे खाऊन निभावून नेतें; पण ओसरीवर निजणाऱ्या पाळीव बोक्याची लघवी घट्ट होत जाते. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद. त्यांत खडे किंवा साका अडकला, तर एकदोन दिवसांतच जीव जाऊं शकतो. दाणे हेंच याचें एकमेव कारण असें नव्हे. परंतु पोटांत पाणी अधिक जावें, याविषयीं पशुवैद्यांत दुमत नाहीं.

मग ओलें खाद्य आणावें, तर घरांतल्या वडील मंडळींचा आक्षेप येतो, आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आयुष्यभर पाळलेला आचार एका पाकिटासाठीं कां मोडावा? माझें म्हणणें इतकेंच कीं, मांस घरांत दाण्यांच्या रूपानें आलेंच होतें. आतां तें दिसूं लागलें, एवढाच फरक. डाळ-पनीरावर मांजर जगत नाहीं. टॉरिन नांवाचें द्रव्य त्यास अन्नांतूनच मिळावें लागतें, आणि धान्यांत व डाळींत तें जवळजवळ नसतेंच. त्याच्या अभावीं मांजराचें हृदय दुबळें होतें, हें १९८७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें. तेव्हां वाटी व चमचा निराळा ठेवावा, पाकीट परसदारीं उघडावें, भांडीं तेथेंच धुवावीं. तेंहि घरास रुचत नसेल, तर दाणेच कोमट पाण्यांत भिजवून द्यावे. हा मध्यम मार्गहि वाईट नाहीं.

पालट मात्र सावकाश करावा. दिवसभर भरलेली वाटी प्रथम बंद करून दोनतीन ठराविक वेळा लावाव्या. मग दाण्यांशेजारीं ओल्या खाद्याचा एक चमचा ठेवावा. पुढें तेंच दाण्यांत मिसळून रोज थोडें वाढवावें. आठदहा दिवसांत साधतें. म्हातारें, हट्टी मांजर महिनाहि घेतें. वाटी ऊन पाण्यांत क्षणभर ठेवून खाद्य अंगाइतकें कोमट केलें कीं वास सुटतो आणि नाक मुरडणें थांबतें. "उपाशी राहिलें म्हणजे आपोआप खाईल," हा हिशेब येथें घातक आहे. दोनतीन दिवस पोटांत अन्न गेलें नाहीं, तर विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतांत चरबी सांचून तें प्राणावर बेततें. एकादशी मांजरास मानवत नाहीं!

कांदा-लसूण मात्र त्यास विषासमान. या एका बाबतींत तें चातुर्मास पाळणाऱ्या आजीबाईंच्या पंक्तीस बसतें. घरीं उकडलेलें मांस नुसतेंच रोज दिल्यास आहार अपुरा राहतो, म्हणून पाकिटावर 'संपूर्ण आहार' असा निर्वाळा पाहून घ्यावा. उन्हाळ्यांत ओलें खाद्य किंवा भिजवलेले दाणे तासाभरापेक्षां अधिक वेळ उघडे ठेवूं नयेत. उरलेलें पाकीट झांकून शीतपेटींत ठेवावें.

आठवडाभरानें मांजराच्या मातींतला ओला गोळा मोठा दिसूं लागला, म्हणजे पाणी पोंचूं लागलें असें समजावें. पण बोका वरचेवर बसतो, कण्हतो आणि थेंब पडत नाहीं असें दिसलें, तर खाण्याची चर्चा बाजूस ठेवावी. गांवांत पशुवैद्य न भेटल्यास रात्र असली तरी टोपली गाडींत घालून बार्शीचा रस्ता धरावा.