सामायिक परवान्यांच्या वापराचा इतिहास : वेब-एपीआयद्वारे संकलन आणि अन्वय
(शिरूर व दौंड येथील दूरस्थ वापरकर्त्यांच्या संदर्भात)

पदव्युत्तर विभागाच्या अंदाजपत्रकात सॉफ्टवेअरच्या परवान्यांवरील खर्च आता प्रयोगशाळेतील उपकरणांवरील खर्चाइतकाच नित्याचा झाला आहे. परवान्यांच्या नूतनीकरणाची वेळ आली की विभागापुढे एकच प्रश्न उभा राहतो. आहेत ते परवाने पुरेसे आहेत, की काही वाढवावयास हवेत, की काही कमी करता येतील? या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका आकड्यावरून दिले जाते, आणि तो आकडा म्हणजे वर्षातील सरासरी वापर. हा आकडा खोटा नसला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष पुष्कळदा खोटा ठरतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी वापराच्या मूळ नोंदी मिळवाव्या लागतात. त्या कशा मिळवाव्यात आणि मिळाल्यावर कशा वाचाव्यात, याचे विवेचन येथे क्रमाने केले आहे.

१. सामायिक परवान्याची कल्पना

दौंड हे रेल्वेचे जुने जंक्शन. तेथून मनमाडकडे जाणारा मार्ग १८७८ साली खुला झाला. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून भारतीय रेल्वेवर टोकनाची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. स्थानकातील यंत्रातून काढलेला पोलादी गोळा चालकाच्या हाती दिल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे; आणि तो गोळा पुढील स्थानकाच्या यंत्रात परत पडल्याशिवाय त्या टप्प्यासाठी दुसरा गोळा निघत नसे.

सामायिक परवाना हे असेच एक टोकन होय. विभागाने एखाद्या सॉफ्टवेअरचे पाच परवाने घेतले असतील, तर ते पन्नास विद्यार्थ्यांच्या संगणकांवर बसविता येते. परंतु एका वेळी पाचांनाच ते चालविता येते. सॉफ्टवेअर उघडताच विद्यार्थ्याचा संगणक परवाना-सर्व्हरकडे टोकन मागतो आणि काम संपल्यावर ते परत करतो. या पद्धतीचा प्रसार ज्या प्रणालीमुळे विशेष झाला, ती ‘फ्लेक्स-एलएम’ ही प्रणाली १९८८ साली तयार झाली. नकाशाशास्त्र, यंत्रांचे आरेखन, रासायनिक प्रक्रियांचे प्रतिरूपण अशा अनेक शाखांतील महाग सॉफ्टवेअरे याच तत्त्वावर वापरावयास मिळतात.

मात्र रेल्वेचे टोकन आणि हे टोकन यांत एक महत्त्वाचा भेद आहे. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये नाहीशी होत नाही. संगणक मात्र होऊ शकतो. त्याचा वीजपुरवठा खंडित झाला, तर टोकन परत करणाराच उरत नाही. या भेदाचे परिणाम पुढे दिसतील.

२. नोंदींचे स्वरूप

परवाना-सर्व्हर प्रत्येक घटनेची नोंद ठेवतो. या घटना मुख्यतः तीन प्रकारच्या असतात : परवाना दिला गेला, परवाना परत आला आणि परवाना नाकारला गेला. प्रत्येक नोंदीत वेळ, वापरकर्ता, संगणक व सॉफ्टवेअरचा घटक यांचा उल्लेख असतो. पूर्वी या नोंदी सर्व्हरवरील एका लांबलचक मजकुराच्या फाइलीत साठत आणि त्या वाचण्यासाठी सर्व्हरवर प्रवेश असावा लागे. आता बऱ्याच प्रणालींत हाच इतिहास वेब-एपीआयद्वारे मागता येतो. म्हणजे आपली आज्ञावली ठराविक पत्त्यावर मागणी पाठविते आणि सर्व्हर जेसन या सुटसुटीत स्वरूपात नोंदी परत करतो.

बहुतेक एपीआय दोन प्रकारची माहिती देतात. पहिला प्रकार संकलित आकड्यांचा : अमुक दिवशी सरासरी वापर इतका, कमाल वापर इतका. दुसरा प्रकार मूळ घटनांचा. पहिला प्रकार सोयीचा असल्याने मोह त्याचाच होतो. परंतु संकलित आकड्यांतून मूळ घटना पुन्हा उभ्या करता येत नाहीत, तर मूळ घटनांतून हवे ते आकडे केव्हाही काढता येतात. म्हणून जेथे दोन्ही उपलब्ध असतील, तेथे मूळ घटनाच मागाव्यात.

३. मागणी करताना घ्यावयाची दक्षता

प्रथम ओळख पटविण्याचा प्रश्न येतो. मागणीसोबत पाठवावयाची गुप्त किल्ली केवळ वाचनाचा अधिकार देणारी असावी आणि ती आज्ञावलीच्या मजकुरात लिहून ठेवू नये. कारण आज्ञावली विद्यार्थ्यांत फिरते आणि तिच्याबरोबर किल्लीही फिरते.

दुसरा प्रश्न कालखंडाचा. आरंभाचा क्षण धरावा व शेवटचा क्षण वगळावा. म्हणजे लागोपाठच्या दोन कालखंडांच्या सीमेवरील नोंद दोनदा येत नाही आणि निसटतही नाही. येथे आणखी एक खाच आहे. काही एपीआय वापराचे सत्र ज्या वेळी सुरू झाले, त्या वेळेनुसारच नोंदी निवडतात. अशा स्थितीत ३१ तारखेच्या रात्री सुरू होऊन १ तारखेच्या दुपारी संपलेले सत्र १ तारखेच्या मागणीत दिसणारच नाही. म्हणून कालखंडाचा आरंभ निदान एक दिवस मागे घ्यावा आणि नको असलेला भाग नंतर कापावा. जे सत्र अद्याप चालू आहे, त्याला शेवटची वेळ नसते. त्या रिकाम्या जागी शून्य न मानता सत्र चालू आहे असेच मानावे व ती नोंद पुढील खेपेस पुन्हा तपासावी.

तिसरा प्रश्न पृष्ठांचा. हजारो नोंदी एका उत्तरात येत नाहीत; त्या पृष्ठांत विभागून येतात. ‘पहिल्या पाचशे सोडून पुढच्या पाचशे द्या’ अशी मागणी केली आणि मध्यंतरी नव्या नोंदींची भर वरच्या बाजूस पडली, तर काही नोंदी पुन्हा येतात. मध्यंतरी जुन्या नोंदी पुसल्या गेल्या, तर काही गळतात. जेथे एपीआय प्रत्येक पृष्ठासोबत पुढील पृष्ठाची खूण देते, तेथे तीच वापरावी. शिवाय प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र क्रमांक जतन करून त्यावरून पुनरावृत्ती वगळावी. मग तीच मागणी दोनदा केली तरी संग्रह बिघडत नाही.

चौथा प्रश्न सर्व्हरच्या नकाराचा. मागण्या फार झाल्या की सर्व्हर ४२९ हा संकेतांक देतो. तो आल्यास सर्व्हरने सांगितला असेल तेवढा वेळ, न सांगितल्यास दर खेपेस वाढत जाणारा वेळ थांबून मागणी पुन्हा करावी. जुन्या नोंदी ठराविक मुदतीनंतर पुसल्या जातात, हेही ध्यानी ठेवावे. वर्षअखेर जागे होऊन वर्षाचा इतिहास मागणाऱ्यास तो मिळेलच असे नाही. रोज थोड्या नोंदी आणून आपल्या संग्रहात ठेवणे हाच खरा मार्ग होय.

४. साडेपाच तासांचा प्रश्न

एपीआय बहुधा जागतिक प्रमाणवेळ देते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. जागतिक वेळेनुसार केलेला ‘दिवस’ आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. त्यामुळे १ तारखेस रात्री दोन वाजता प्रबंधासाठी जागणाऱ्या विद्यार्थ्याचे काम मागील महिन्यात जमा होते. तासवार कोष्टकात याहून सूक्ष्म दोष शिरतो. जागतिक वेळेचा चार ते पाच हा तास आपल्याकडील साडेनऊ ते साडेदहा असतो. दहा वाजता सुरू होणाऱ्या तासिकेची गर्दी त्यात अर्धवट मिसळते आणि शिखर सपाट दिसू लागते. हा दोष संकलित आकड्यांत मागाहून दुरुस्त करता येत नाही. मूळ घटना मागण्याचे हे आणखी एक कारण.

५. सरासरीचा भ्रम

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९१७ साली एक सूत्र प्रसिद्ध केले. ठराविक तारा आणि अनियमितपणे येणारी मागणी असता किती कॉल नाकारले जातील, हे त्या सूत्रावरून काढता येते. तारेच्या जागी परवाना ठेवला की तेच सूत्र येथे लागू पडते.

समजा, विभागाकडे पाच परवाने आहेत आणि मागणीचा भार चार एर्लांग आहे. म्हणजे परवाने अमर्याद असते, तर सरासरी चार जण एका वेळी काम करीत असते. सूत्रानुसार १९.९ टक्के, म्हणजे जवळजवळ दर पाचांतील एक मागणी नाकारली जाते. ज्या मागण्या मान्य होतात, त्यांमुळे सरासरी ३.२ परवाने गुंतलेले राहतात. कार्यालयापुढे जाणारा आकडा म्हणून ६४ टक्के वापर दिसतो आणि निष्कर्ष निघतो की एक-तृतीयांशाहून अधिक परवाने निष्कारण पडून आहेत. पाचांपैकी एक विद्यार्थी दारातून परत जात असता ‘परवाने जास्त झाले’ असा शेरा पडतो, आणि तो शेरा मारणाऱ्याने बेरजेत कोठेही चूक केलेली नसते.

या भ्रमावर उपाय दोन. एक, नकारांच्या नोंदी वेगळ्या मागाव्यात. त्यांत एक विकृती असते, ती अशी की नकार मिळालेला विद्यार्थी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि एकच अडवणूक दहा वेळा नोंदली जाते. म्हणून एकाच वापरकर्त्याचे थोड्या मिनिटांतील नकार एकत्र मोजावेत. दोन, जेथे नकार नोंदलेच जात नाहीत, तेथे सर्व परवाने एकाच वेळी गुंतलेले असण्याचा काळ काढावा. सर्व सत्रांचे आरंभ व शेवट कालक्रमाने मांडावेत, आरंभास एक मिळवावा व शेवटास एक वजा करावा. एकाच क्षणी दोन्ही आल्यास शेवट आधी धरावा. बेरीज पाचावर असण्याचा काळ हा भरलेपणाचा काळ होय. एर्लांगच्या गृहीतकांनुसार भरलेपणाच्या काळाचे प्रमाण आणि नकाराचे प्रमाण एकच असते. वरील उदाहरणात ते तासातील सुमारे १२ मिनिटे येईल. तासिकांच्या वेळी मागणी एकदम येत असल्याने प्रत्यक्षातील नकार याहून अधिक असण्याचा संभव असतो. म्हणून ही गणना दिवसभराची न करता गर्दीच्या तासांची स्वतंत्रपणे करावी.

६. शिरूर व दौंड येथील वापरकर्ता

घोडनदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड ही दोन्ही गावे पुण्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटरच्या आत आहेत. वाहने व घरगुती उपकरणे तयार करणारी रांजणगावची आणि रसायने व औषधी द्रव्ये तयार करणारी कुरकुंभची औद्योगिक वसाहत, ऊस व कालव्याच्या पाण्याचे प्रश्न, हे सर्व अनेक विद्याशाखांना अभ्यासविषय पुरवितात. विद्यार्थी घरी राहून, पुण्यातील परवाना-सर्व्हरशी दुरून जोडणी करून काम करतो, अशी कल्पना करू. त्याच्या गावी वीज गेली. संगणक बंद पडला, परंतु परवाना परत आला नाही. इंटरनेटच्या टीसीपी या मूलभूत नियमावलीत मूक झालेल्या जोडणीची चौकशी करण्याची रूढ मुदत ७,२०० सेकंदांची, म्हणजे दोन तासांची आहे. अन्य उपाय योजलेला नसेल, तर तेवढा वेळ एक परवाना कोणाच्याही उपयोगाचा राहत नाही. वीज परत आल्यावर तोच विद्यार्थी पुन्हा मागणी करतो आणि इतिहासात त्याच्या नावे एकाच वेळी दोन परवाने दिसतात.

असा इतिहास वरवर वाचणाऱ्यास वाटेल की बाहेरगावचे विद्यार्थी परवाने अडवून बसतात. त्यांचा दूरस्थ प्रवेश बंद करावा. हा अन्याय टाळण्याचे साधन त्याच नोंदींत आहे. खऱ्या कामाची सत्रे लहानमोठ्या कालावधींची असतात. तुटलेल्या जोडणीच्या सत्रांचा अंतिम रिकामा भाग मात्र सर्व्हरच्या मुदतीइतका, साचेबंद असतो. एकाच परिसरातील अनेक सत्रांची मुदत एकाच क्षणाच्या मागेपुढे संपली असेल, तर कारण विद्यार्थ्यांत नसून वीजवाहिनीत आहे, असे मानण्यास जागा आहे.

आणि येथे एर्लांगचे सूत्र पुन्हा उपयोगी पडते. पाच परवान्यांना सहावा जोडला, तर वरील उदाहरणातील नकार १९.९ वरून ११.७ टक्क्यांवर येतात. त्याऐवजी मृत सत्रे लवकर सोडवून एकूण भार चारावरून तीन एर्लांगवर आणला, तर पाचच परवान्यांत नकार ११.० टक्के होतात. म्हणजे परवाना धरून ठेवण्याच्या काळातील चौथा भाग जर निव्वळ रिकामा असेल, तर तो वाचविणे हे एक परवाना विकत घेण्याहून किंचित अधिकच लाभाचे ठरते. मात्र निष्क्रियतेची मुदत फार कमी केली, तर रात्रभर चालणारी गणिते मध्येच तुटतील; म्हणून ती मुदत सत्रांच्या प्रत्यक्ष वाटपाकडे पाहूनच ठरवावी.

७. समारोप

वापराचा इतिहास म्हणजे कोण किती वाजता कोणते काम करीत होता, याची नोंद होय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला आहे. परंतु कायद्याच्या आधीही सभ्यतेचा विचार आहेच. संकलन होताच नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक घालावेत, त्यांची किल्ली वेगळी ठेवावी आणि या नोंदींचा उपयोग हजेरीसाठी वा परिश्रमांच्या मोजमापासाठी करू नये. परवाना धरून ठेवणे म्हणजे अभ्यास करणे नव्हे, आणि न धरणे म्हणजे आळस नव्हे.

सारांश, नूतनीकरणाच्या प्रस्तावासोबत तीन आकडे असावेत : गर्दीच्या तासांतील भरलेपणाचे प्रमाण, एकत्र मोजलेले नकार आणि मृत सत्रांत वाया गेलेला काळ. सरासरी वापर चौथ्या क्रमांकावर लिहावयास हरकत नाही. जो विद्यार्थी आत आला त्याची नोंद सर्व्हर आपण होऊन ठेवतो; जो बाहेर राहिला त्याची नोंद मात्र संशोधकाने मागून घ्यावी लागते.