मापातील सूट आणि व्यवहारातील चोखपणा

आपल्या संघटनेतील काही वयोवृद्ध सभासदांनी शेर, छटाक आणि तोळा यांचा काळ बालपणी दुकानाच्या उंबरठ्यावर बसून पाहिलेला आहे. १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली आणि जुनी वजने हळूहळू माळ्यावर गेली. त्याच सुमारास भोपाळात एक निराळेच माप येऊन दाखल होत होते. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या सहकार्याने येथे उभा राहिला व ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे १९७४ मध्ये ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली. या कारखान्याच्या आश्रयाने गोविंदपुऱ्यात सुटे भाग बनविणारे लहान उद्योग निघाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या धान्य व कापड मोजणाऱ्या घरांतील काही मुले लेथच्या आवाजात जाऊन बसली. प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक.

दुकानदारीत वाढलेल्या मनाला या धंद्यातील पहिली गोष्ट पचनी पडत नाही, ती ही की येथे नेमके माप असे नसतेच. ड्रॉइंगवर ५० मिलिमीटर लिहिले म्हणून बरोबर ५० मिलिमीटरचा शाफ्ट जगात कोणीही करून देऊ शकत नाही. म्हणून माप लिहिताना त्यासोबत सूट लिहावी लागते. तिलाच कारखान्यात टॉलरन्स म्हणतात. आपल्याकडील आयएस ९१९ या मानकात, जे आज आंतरराष्ट्रीय आयएसओ २८६ शी जुळते आहे, या सुटीचे तक्ते दिलेले असतात. भोकावर ‘एच७’ लिहिले असेल तर ५० मिलिमीटरचे भोक ५०.००० ते ५०.०२५ यांमध्ये कोठेही चालते. शाफ्टवर ‘जी६’ असेल तर तो ४९.९७५ ते ४९.९९१ यांमध्ये हवा. म्हणजे दोहोंत कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ५० मायक्रॉनची फट राहते व शाफ्ट भोकात सुखाने फिरतो. तोच शाफ्ट ‘पी६’ असेल तर भोकापेक्षा जाड होतो व दाबूनच बसवावा लागतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, आणि वरील शाफ्टला मिळालेली एकंदर सूट आहे १६ मायक्रॉन.

इतके समजले की आपल्याला सर्व समजले असे वाटू लागते. मलाही वाटले होते.

काही वर्षांपूर्वी परप्रांतातील एका खरेदीदाराची ४०० पिनांची ऑर्डर आमच्याकडे होती. व्यास ५०, सूट जी६, लांबी ३०० मिलिमीटर. माल गेला आणि पंधरवड्यात निम्म्याहून अधिक माल परत आला. शेरा एवढाच होता, की पिना बाहीत शिरत नाहीत. मी मायक्रोमीटर घेऊन स्वतः बसलो. ज्या पिनेला हात घालावा ती ४९.९८५ च्या आसपास, दोन्ही टोकांना आणि मध्येही. आमचे वयस्कर टर्नर शेजारी उभे होते. ‘भाऊ, माप तर बरोबर आहे,’ असे ते दोनदा म्हणाले. तरी चार माणसांसमोर मी त्यांना नको ते बोललो. खरेदीदारालाही कडक पत्र लिहिले.

चूक निघाली ती माझी. त्या पिनांना सुमारे ३० मायक्रॉनचा बाक होता. मायक्रोमीटर एका ठिकाणची जाडी सांगतो, बाक सांगत नाही. ४९.९८५ जाडीची पण ३० मायक्रॉन वाकलेली पीन लांब बाहीत शिरताना ५०.०१५ इतकी जागा मागते. आता ही पीन मापात आहे की नाही? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याला दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही छापील आहेत. अमेरिकन एएसएमई वाय १४.५ या मानकाचा पहिलाच नियम असा, की शाफ्ट सर्वांत जाड असताना ज्या सरळ नळीत मावला असता तिच्याबाहेर त्याचा कोणताही भाग जाता कामा नये. म्हणजे बाकसुद्धा व्यासाच्या सुटीतच बसला पाहिजे. याउलट आयएसओ ८०१५ प्रमाणे व्यास आणि सरळपणा या स्वतंत्र बाबी होत. सरळपणा हवा असल्यास तो वेगळा लिहावा, किंवा व्यासापुढे वर्तुळातील ‘ई’ हे चिन्ह द्यावे. आमच्या ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात अमेरिकन मानकाचे नाव होते. मी ते वाचलेच नव्हते. भाव ठरवताना मी पाहिले ते फक्त व्यास, धातू आणि नगांची संख्या.

पुन्हा ग्राइंडिंग करावे तर व्यास खालच्या मर्यादेबाहेर जाई. काही पिना प्रेसखाली सरळ झाल्या, उरलेल्या भंगारात विकल्या. त्या वर्षीचा नफा त्यातच गेला.

जुन्या धाटणीच्या गेजमध्ये हे शहाणपण आधीपासूनच होते. ‘गो’ गेज पूर्ण लांबीचा असावा, म्हणजे जाडी व आकार दोन्ही एकदम तपासले जातात, आणि ‘नो-गो’ने एकेक माप स्वतंत्र पाहावे, हे तत्त्व इंग्लंडमधील विल्यम टेलर यांनी १९०५ मध्ये मांडले. आम्ही पैसे वाचवण्यासाठी लांब गेज केला नव्हता.

उन्हाचाही विचार व्यापारी बंधूंनी करावा. जगभर मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानतात. भोपाळच्या मे महिन्यात शेडमध्ये ४० अंश सहज होतात. पोलादी शाफ्ट व पोलादी गेज एकाच उष्णतेत असतील तर दोन्ही सारखेच फुगतात व फारसे बिघडत नाही. परंतु ॲल्युमिनियमचा ५० मिलिमीटरचा भाग त्याच पोलादी गेजने मोजला तर सुमारे ११ मायक्रॉनचा फरक पडतो. १६ मायक्रॉनच्या सुटीत ११ मायक्रॉन उन्हानेच खाल्ले, मग कारागिराच्या हाताला काय उरले?

शेवटचा मुद्दा संशयाचा. कोणतेही मापनयंत्र थोडी अनिश्चितता बाळगतेच. समजा ती ३ मायक्रॉन आहे. हा संशय कोणाच्या पदरी घालायचा, याचा नियम आयएसओ १४२५३ या मानकाच्या पहिल्या भागात आहे, आणि तो आपल्या पेढीवरच्या रिवाजासारखाच वाटतो: जो दावा करतो त्याने सिद्ध करावे. ढोबळमानाने, माल चोख आहे असे म्हणणाऱ्या पुरवठादाराने आपला शाफ्ट ४९.९७८ ते ४९.९८८ यांमध्ये ठेवावा. नापास करणाऱ्या खरेदीदाराला मात्र तो ४९.९७२ च्या खाली किंवा ४९.९९४ च्या वर दाखवून द्यावा लागेल. मधल्या पट्ट्यात दोघांनाही ठामपणे बोलता येत नाही. अर्थात करारात दुसरे काही ठरले असेल तर तेच चालते, म्हणून हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्यावे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना एक माप व देताना दुसरे, याचा उल्लेख आहे. सुटीच्या काठावरचा माल आपल्या मायक्रोमीटरने पास आणि दुसऱ्याचा त्याच काठावरचा माल त्याच मायक्रोमीटरने नापास करणे हे याहून फार वेगळे नाही, असे मला वाटते.

टर्नरांची क्षमा मी त्याच चार माणसांसमोर मागितली. सांप्रत आमच्याकडे ड्रॉइंग आले की भाव काढण्यापूर्वी ते प्रथम त्यांच्या हाती जाते. ते चष्मा पुसतात आणि वाचायला सुरुवात खालच्या कोपऱ्यापासून करतात.