वादळ आणि कारवीचे घर

कल्याणहून मुरबाडच्या वाटेने निघाले म्हणजे शहराची दाट वस्ती हळूहळू विरळ होते आणि दूरवर सह्याद्रीचे कडे दिसू लागतात. या पट्ट्यात व शेजारच्या शहापूर तालुक्यात कातकरी, ठाकूर इत्यादी आदिवासी लोकांचे लहान लहान पाडे आहेत. पाड्यावरील जुन्या धाटणीचे घर अगदी साधे असते. जमिनीत पुरलेल्या लाकडी मेढी, त्यांवर आढे, आढ्यावरून दोहों बाजूंस उतरणारे वासे आणि वर पेंढ्याचे किंवा कौलांचे छप्पर. भिंतीच्या जागी कारवीच्या काठ्यांचा कुड असतो व तो शेणमातीने लिंपलेला असतो. कोकणचा मुसळधार पाऊस हे घर निमूटपणे सोसते. वाऱ्यापुढे मात्र त्याची खरी परीक्षा होते.

वारा छपराला दाबून मोडतो, अशी पुष्कळांची समजूत असते. खरा प्रकार निराळा आहे. छपरावरून हवा अतिशय वेगाने वाहू लागली, की तेथील हवेचा दाब कमी होतो. घरातील हवेचा दाब मात्र तितकाच राहतो. त्यातच वाऱ्याकडील दार उघडे असेल, तर आत घुसलेली हवा छपराला खालून रेटू लागते. साहजिकच छप्पर खाली बसत नाही, वर उचलले जाते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात तग धरणारे छप्पर १०० किलोमीटरांच्या वाऱ्यात का टिकत नाही, हे यावरून कळेल. म्हणूनच वादळाची चाहूल लागताच जाणती माणसे वाऱ्याकडचे दार घट्ट लावून घेतात, छपरावरून दोर टाकून ते खुंट्यांना आवळतात आणि गोठ्यातील गुरांची दावी सोडून देतात.

अलीकडे पेंढ्याच्या जागी पत्रे आले आहेत. पत्रा गळत नाही हे खरे. परंतु सुटलेला पत्रा वाऱ्याबरोबर उडतो, तेव्हा वाटेत येईल त्याला कापीत जातो. कारवीचा कुड कोसळला, तरी तो हलका असल्याने त्याखालून माणूस बहुधा जिवंत निघतो. कच्च्या विटांच्या भिंतीविषयी तसे म्हणता येत नाही. गरिबाच्या जुन्या घराला नावे ठेवण्यापूर्वी त्याचा हा गुण पाहिला पाहिजे.

अशी मोठी वादळे समुद्रावर जन्मतात. समुद्राचे पाणी पुष्कळ तापले, की त्यावरील बाष्पयुक्त उष्ण हवा वर चढते, खाली कमी दाबाचे क्षेत्र होते आणि सभोवारची हवा तिकडे धाव घेते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ही हवा सरळ न जाता चक्राकार फिरू लागते. हेच चक्रीवादळ. बंगालच्या उपसागराच्या मानाने अरबी समुद्रात अशी वादळे कमी होतात. तथापि मुंबई-ठाण्याचा प्रदेश त्यांपासून मुक्त नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबई परिसराला अशाच एका वादळाने झोडपले होते.

पुढे एका वर्षाच्या आत दोन वादळे आली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' हे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या व असंख्य घरांची छपरे उडाली. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' हे वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातूनच गुजरातकडे गेले. म्यानमार देशाने सुचविलेले हे नाव तेथील एका मोठ्याने ओरडणाऱ्या पालीचे आहे! वादळ दूरून गेले, तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरांहून अधिक वेगाचे होते. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे झाडे उन्मळून पडली.

पाड्यावरील लोकांना अशा वादळाचा घाव अधिक लागतो, तो त्याच्या वेळेमुळे. मे-जून म्हणजे घर शाकारण्याचे दिवस. जुना पेंढा काढलेला, नवा अजून चढवावयाचा. कणगीत वर्षाचे उरलेसुरले धान्य आणि पेरणीसाठी राखलेले भाताचे बियाणे. एका रात्रीत छप्पर गेले आणि बियाणे भिजले, तर पेरावे काय? अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यापूर्वीचे काही महिने भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर राबतात. मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल त्यांना विटा पाडून फेडावयाची असते. न भाजलेली वीट पावसात पुन्हा माती होते. २०२० साली तर साथीच्या टाळेबंदीने मजुरी आधीच थांबली होती.

वादळ शमल्यावर तलाठी येऊन पंचनामा करतो. कोणाचे घर किती पडले, याची नोंद होते व त्यावरून सरकारी मदत ठरते. परंतु पुष्कळ कातकऱ्यांची घरे दुसऱ्याच्या जागेत असतात. घराचा कागद नसला, म्हणजे पडलेले घर आपलेच होते हे दाखवून देणे त्यांना जड जाते. मदत येईपर्यंत पाऊस थांबत नाही. म्हणून पुरुष जंगलात कारवी व वासे आणावयास जातात, बायका चिखल तुडवून कुड लिंपतात, आणि पेंढा मिळाला नाही, तर पळसाची पाने एकावर एक रचून त्यांनीच छप्पर झाकतात.