हिंडन ते नांदेड : हवाई अंतर किती, वेळ किती?

शिखांच्या पाच तख्तांपैकी एक असलेले सचखंड हुजूर साहिब गोदावरीकाठी नांदेड येथे आहे. दिल्लीहून तेथे रेल्वेने जाण्यास सुमारे एक दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. ३१ मार्च २०२४ रोजी नांदेड, दिल्लीलगतचे हिंडन आणि जालंधरजवळचे आदमपूर यांना जोडणारी स्टार एअरची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा भाविकांप्रमाणेच मराठवाड्यातील प्रवाशांचीही मोठी सोय झाली.

हिंडन आणि नांदेड हे दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ७७.३ अंश पूर्वेस आहेत. त्यामुळे हा मार्ग थेट दक्षिणोत्तर आहे. दोहोंच्या अक्षांशांत सुमारे साडेनऊ अंशांचा फरक आहे. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. या हिशेबाने हवाई अंतर सुमारे १,०५५ किलोमीटर भरते.

ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट विमानास हे अंतर कापण्यास एक तास वीस मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात एवढ्या अंतरासाठी वेळापत्रकात पावणेदोन ते दोन तास धरले जातात. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा सर्व काळ त्यात मोजलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि खाली उतरणे या टप्प्यांत वेग कमी असतो. शिवाय ठरावीक हवाई मार्गांमुळे थोडे वळणही पडते.

हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेकडून वेगवान वारे वाहतात. दिल्ली-कोलकाता मार्गावर त्यामुळे जाण्या-येण्याच्या वेळेत फरक पडतो. दक्षिणोत्तर मार्गावर मात्र हे वारे आडवे लागत असल्याने हा फरक फारसा जाणवत नाही. येथे खरी अडचण असते ती डिसेंबर-जानेवारीतील दाट धुक्याची.

प्रवाशांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हिंडन विमानतळ उत्तर प्रदेशातील गाझियाबाद येथे, वायुदलाच्या तळावर आहे. इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरील भार हलका करण्यासाठी उभारलेल्या तेथील नागरी टर्मिनलचे उद्घाटन ८ मार्च २०१९ रोजी झाले. या दोन विमानतळांमधील अंतर सरळ रेषेतच सुमारे ३० किलोमीटर आहे. रस्त्याने ते अधिक भरते आणि मध्ये दिल्लीची वाहतूक असते. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडायचे असेल, तर आकाशात वाचलेला वेळ रस्त्यावर खर्ची पडू शकतो.

म्हणूनच तिकीट काढताना केवळ 'दिल्ली' हे नाव न पाहता विमानतळ कोणता, हे पाहावे. प्रादेशिक मार्गांवरील वेळापत्रके बदलत असल्याने निघण्यापूर्वी त्यांचीही खात्री करून घेणे हिताचे ठरते.