नोंदीखालचा समीक्षक

मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरची विज्ञानाची एखादी नोंद तळापर्यंत वाचली, तर शेवटी बहुधा एक छोटी ओळ दिसते : ‘समीक्षक’, आणि पुढे एक नाव. लेखकाचं नाव आपण वाचतो, या दुसऱ्या नावावरून नजर सहज पुढे जाते. विश्वकोशावर विश्वास का ठेवायचा, असं मला कुणी विचारलं तर मी आधी त्या ओळीवर बोट ठेवीन.

या कामाची मुळं वाईत आहेत. १९६० साली राज्य स्थापन झालं, त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ निघालं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत धर्मकोशाच्या कामात मुरलेला हा माणूस. एकेक वचन पारखून घेण्याची त्यांची सवय, आणि तीच शिस्त या मंडळाने हाती घेतलेल्या विश्वकोशाला मिळाली. पहिला खंड १९७६ साली आला. १ डिसेंबर १९८० रोजी विश्वकोशासाठी वेगळं मंडळ झालं, आणि विसावा खंड पुरा व्हायला २०१५ उजाडलं. एवढा उशीर का, असं लोक विचारत आले. तज्ज्ञाने लिहायचं, दुसऱ्या जाणत्याने तपासायचं, संपादकाने भाषा आणि लांबी आवरायची, शंका निघाली की पान परत लेखकाकडे पाठवायचं. अशा कामाला वेळ लागतोच, आणि तो दिला गेला याबद्दल मला कृतज्ञता वाटते. आता विद्यापीठं आणि संस्थांशी जोडलेली ज्ञानमंडळं जुन्या नोंदी अद्ययावत करतात, नव्या लिहितात.

विषाणूंच्या प्रथिनांवरची नोंद या पद्धतीची कसोटी पाहते, कारण या विषयाची सुरुवातच एका दुरुस्तीने झाली आहे. १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे स्फटिक मिळवले आणि हा विषाणू म्हणजे निव्वळ प्रथिन आहे, असं जाहीर केलं. जगभर खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बॉडेन आणि पिरी यांनी तोच पदार्थ पुन्हा तपासला, तेव्हा त्यात फॉस्फरस सापडला. म्हणजे आत न्यूक्लिइक आम्ल होतं, वजनाने जेमतेम पाच-सहा टक्के. विषाणूच्या पुढच्या पिढीची सगळी माहिती त्या पाच-सहा टक्क्यांतच आहे, हे १९५६ साली स्पष्ट झालं. स्टॅन्ली यांना १९४६ साली नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण त्यांचं वाक्य कोशात जसंच्या तसं उतरवलं असतं, तर मुलं चुकीचंच शिकली असती.

२०२० साली हा विषय घराघरांत शिरला. करोनाविषाणूच्या अंगावरचं काट्यासारखं स्पाइक प्रथिन आपल्या पेशींवरच्या एसीई२ या प्रथिनाला चिकटतं आणि तिथून विषाणू आत शिरतो, हे तेव्हा प्रत्येकाला माहीत असायला हवं होतं.   अशा काळात लोकांपर्यंत पोहोचणारी चार वाक्यं तरी अचूक असावी लागतात.

आता अशाच एका नोंदीसाठी रायगड जिल्ह्यातल्या आगरदांड्याकडे येतो. राजपुरी खाडीच्या एका काठाला आगरदांडा, समोर दिघी, मुखाशी जंजिरा. रायगडच्या खाडीकाठी कोळंबीचे तलाव आहेत, आणि कोळंबीवाल्याला सगळ्यात धास्ती पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची. कवचावर ठिपके दिसले की तीन ते दहा दिवसांत तलाव रिकामा होऊ शकतो. हा रोगही विषाणूचाच, आणि त्याच्या बाहेरच्या आवरणात व्हीपी२८ नावाचं प्रथिन असतं. समजा, या प्रथिनावरच्या नोंदीचा पहिला खर्डा असा आहे : ‘व्हीपी२८मुळे विषाणू कोळंबीच्या पेशीला चिकटतो. त्याच्याविरुद्ध लस देऊन रोग टाळता येईल.’

वाचायला सुबक आहे. समीक्षक मात्र दोन्ही वाक्यांखाली रेघ ओढील. पहिल्या वाक्याशेजारी तो लिहील : आवरणात व्हीपी१९, व्हीपी२४ अशी आणखी प्रथिनंही आहेत, चिकटण्याचं काम एकट्या व्हीपी२८चं म्हणू नका. दुसऱ्या वाक्याशेजारी : कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार होत नाहीत. व्हीपी२८ खाऊ घातलेल्या कोळंबीचा प्रयोगशाळेत काही काळ बचाव झालेला दिसला आहे. तेवढंच लिहा, ‘लस’ म्हणताना फरक सांगा. आणि खाली तिसरा शेरा : तलावात सोडायचं बीज पीसीआरने तपासून घेतात, त्या तपासणीत विषाणूचं डीएनए शोधतात, प्रथिन नव्हे, हे नोंदीत कुठेच नाही.

हा तिसरा शेरा मला सर्वांत मोलाचा वाटतो. पहिले दोन दुरुस्तीचे आहेत, तिसऱ्याने वाचकाची गरज ओळखली. तपासलेलं बीज आणूनही तलाव का बसला, हा खाडीकाठचा प्रश्न आहे. तपासणी घेतलेल्या नमुन्यापुरतीच असते, रोग नंतर बाहेरून येणाऱ्या पाण्यातून, खेकड्यांतूनही शिरतो, हे दोन ओळींत सांगता आलं तर नोंद थेट कोळंबीवाल्याच्या कामाला येते.

म्हणून माझा आग्रह असा की, समीक्षकांच्या यादीत रेणूजीवशास्त्रज्ञांच्या जोडीने मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक असावेत, आणि प्रसिद्ध करण्याआधी अशी नोंद एखाद्या कोळंबी प्रकल्पाच्या व्यवस्थापकालाही वाचायला द्यावी. तो अमिनो आम्लांचा क्रम तपासणार नाही. कुठल्या वाक्याशी तो थांबला, काय दोनदा वाचावं लागलं आणि काय विचारायचं राहिलं, एवढं त्याने पेन्सिलीने खुणावलं तरी लेखकाला पुढचा खर्डा लिहायला पुरेसं आहे.