परातीतून निसटणारे सोने

तांदूळ रोळताना तुम्ही पाहिले असेल. भांडे पाण्यात हलवीत तांदूळ वरच्यावर ओतून घेतात आणि खडे तळाशी राहतात. झारेकरी सराफांच्या दुकानांसमोरची माती याच रीतीने धुऊन सोन्याची कणी मिळवतात. २४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे जेम्स मार्शल यांना लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात सोने दिसले. त्यानंतर तेथे लोटलेल्या लोकांचे मुख्य हत्यारही पसरट परात हेच होते. आज तेथील नद्यांवर पुष्कळ लोक केवळ हौसेखातर वाळू धुतात. पण हाती आलेले बरेचसे सोने पुन्हा नदीतच जाते. असे का व्हावे?

सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३, तर गारगोटीच्या वाळूचे २.६५. म्हणजे सोने सातपटींहून अधिक जड. आता आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. पाण्यात दोन्ही आकड्यांतून १ वजा होतो, उरतात १८.३ आणि १.६५. प्रमाण झाले ११ पट! पाणी आपल्याच बाजूने आहे.

परंतु कण किती वेगाने बुडेल हे त्याच्या आकारमानावरही अवलंबून असते. मोठ्या कणांच्या बाबतीत सोन्याचा कण आणि त्याच्या सुमारे ११ पट व्यासाचा खडा सारख्याच वेगाने बुडतात. कण अगदी बारीक झाले, की पाण्याचा चिकटपणा वरचढ ठरतो आणि ही ११ पट जेमतेम सव्वातीन पटीवर येते. ०.०३ मिलिमीटरचा सोन्याचा कण आणि ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण जवळजवळ एकाच वेळी तळ गाठतात. तेथे कितीही कसबी हात असला तरी फसतो. म्हणून वाळू आधी चाळून घ्यावी आणि प्रत्येक जाडीची वाळू वेगळी धुवावी. हे काम कंटाळवाणे खरे, पण सर्वांत जास्त फायदा त्यातच आहे.

दुसरी चूक घाईची. परात पाण्याखाली आडवी धरून आधी चांगली हलवावी, म्हणजे जड कण तळाशी उतरतात. मगच ती तिरपी करून वरची वाळू हळूहळू सोडावी. कोरडे, चपटे कण पृष्ठताणामुळे पाण्यावर चक्क तरंगतात. साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकला की ते बुडतात. बारीक सोने धरण्यासाठी पूर्वीपासून पारा वापरत आले आहेत. त्याची वाफ विषारी असते, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये.

आपली परात किती टक्के माल राखते, हे सोन्याशिवायही मोजता येते. आपल्याकडील काळ्या दगडाच्या वाळूत चुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइट असते. म्हणून कोरड्या वाळूतून कागदात गुंडाळलेले लोहचुंबक वारंवार फिरवून ते आधी काढून टाका. त्या वाळूत तोलून ५ ग्रॅम लोखंडाचा कीस मिसळा आणि बादलीवर परातीत धुवा. परातीत उरलेला माल लगेच वाळवून त्यातील कीस चुंबकाने वेचा व तोला. ४ ग्रॅम भरला, तर ८० टक्के हाती आला. बाकीचा बादलीतल्या वाळूत सापडतो का पाहा. नंतर हाच प्रयोग वाळू आणि कीस एकाच चाळणीतून चाळून करा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.